आबांचा उजवा हात

पहाटे ५

मे महिन्यात पिंगळीत तेलरंगाचं काम करायचं तर सूर्याच्या आधी उठावं लागतं. दहाच्या पुढे पत्रे तापतात, अकराला टर्पेंटाइन वाटीतल्या वाटीत उडून जातं, बारानंतर माणसाला आणि रंगाला दोघांनाही सावली लागते. पण शाळा मला सलग असा हा एकच महिना देते. म्हणून गेली तीन वर्षं सुट्टी लागली की मी हे एकच चित्र काढतो आहे.

गच्चीवरचं अंथरूण गुंडाळून खाली येतो तेव्हा पूर्णेकडून मालगाडी येत असते. परभणीहून निघालं की पहिलं स्टेशन आमचं, पुढे मिरखेल, मग पूर्णा. बाहेरगावी मी पिंगळीचा चित्रकार म्हणून सांगितलं की लोक विचारतात, चित्रकथीवाल्यांचं गाव ना? ते पिंगुळी, सिंधुदुर्गात, कुडाळजवळ. तिथल्या ठाकर मंडळींनी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. आमच्या पिंगळीला चित्रांची अशी परंपरा नाही. आमची काळी माती, कापूस, तूर, सोयाबीन आणि मधून जाणारी रेल्वे.

मी काम करतो तो आमचा जुना गोठा. बैलजोडी विकल्याला अकरा वर्षं झाली. गव्हाणीत आता रंगाच्या ट्यूबा असतात, खुंट्यांना ब्रशांच्या पिशव्या. दार उत्तरेला आहे. बैलांना ऊन लागू नये म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते तसं ठेवलं होतं. उत्तरेचा उजेड बराचसा सारखा राहतो, त्यात सावल्या फारशा फिरत नाहीत. चित्रकार ज्या उजेडासाठी जागा शोधत हिंडतात तो मला बैलांच्या पुण्याईने घरीच मिळाला.

कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवलेला असतो. चार फूट उंच, तीन फूट रुंद. माय ओसरीतून उठून न्हाणीकडे जाते ती गोठ्यावरूनच, आणि तिची नजर चित्रावर पडू नये ही माझी तीन उन्हाळ्यांची काळजी. कारण चित्रात ती आहे. १९८२ चा मे महिना आहे, वावरातली विहीर आहे, आणि आबांनी तिला मिठीत घेतलं आहे.

सकाळी ६

त्या वर्षी मी आठ वर्षांचा होतो. विहिरीचं काम दुसऱ्या उन्हाळ्यात गेलं होतं. पाणाड्याने तळहातावर नारळ धरून जागा दाखवलेली, बांधावरच्या बाभळीपासून वीस पावलांवर. वर काळी माती, तिच्याखाली पिवळा मुरूम, मग दगड. वडार मंडळी सुरुंग लावायची, घण-पहारीने फोडायची, यारीने मलबा वर यायचा. आबा त्यांच्याबरोबर खाली उतरायचे. माय वर पाटी घेऊन मुरूम ढिगावर नेऊन टाकायची. सहा परस खाली गेलं तरी खडक कोरडा. घरात सगळे हळू आवाजात बोलायला लागले होते. पैसे कुणाकडून किती घेतले ते मला कळत नव्हतं, पण संध्याकाळी आबा जेवताना मान वर करत नाहीत हे कळत होतं. बहात्तरच्या दुष्काळात दोघांनी सरकारी कामावर खडी फोडली होती, सुकडीवर दिवस काढले होते. कोरडा दगड काय करतो ते त्यांनी अंगावर काढलेलं होतं.

मग एका दुपारी खालून ओरडा झाला. आबा दोराला धरून वर आले. अंगावर लंगोट, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा गाळ, त्यात फक्त डोळे दिसत होते. माय ढिगाजवळ पाटी घेऊन उभी. ते सरळ तिच्याकडे गेले आणि वडारांसमोर, चुलत्यांसमोर, माझ्यासमोर त्यांनी तिला कवेत घेतलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. कुणी काही बोललं नाही. मग मायने पदर तोंडावर ओढला आणि ती ढिगामागे गेली.

त्याआधी आणि त्यानंतरही आबांचा हात मायच्या इतका जवळ मी पाहिला तो एकाच कामात, कडब्याचा भारा डोक्यावर देताना. ती चुंबळ सावरून जराशी वाकायची, ते भारा मांडीवर घेऊन वर उचलायचे, एक क्षण दोघांचे चारही हात त्याच भाऱ्याला असायचे आणि कपाळं एकमेकांना लागतील इतकी जवळ यायची. मग ती चालू लागायची. आमच्याकडच्या नवरा-बायकोचं चारचौघांना दिसणारं जवळ येणं एवढंच. चित्र काढायला घेतलं तेव्हा दोन देह एकमेकांवर कसे रेलतात हे मी कुठल्याही परदेशी पुस्तकातून घेतलं नाही. ते भाऱ्यावरून घेतलं. तिचे गुडघे किंचित वाकलेले, त्यांचा भार पुढच्या पायावर, दोघांच्या मध्ये न दिसणारं ओझं. ते रेखाटन पहिल्याच आठवड्यात जमलं आणि नंतर हललं नाही.

सकाळी ७

आता दोन-तीन तास खऱ्या कामाचे. पाटीवर रंग काढून घेतो.

काळी माती काळ्या रंगाने होत नाही, हे समजायला मला एक अख्खी सुट्टी गेली. ट्यूबमधला काळा लावला की डांबर दिसतं. मे महिन्यातली आमची जमीन नांगरून पडलेली असते, ढेकळांच्या एका अंगाला ऊन आणि दुसऱ्या अंगाला सावली. उन्हाच्या अंगाला ती राखी, जरा जांभळट. सावलीत तपकिरी-निळी. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळले की सावलीतलं ढेकूळ मिळतं. त्यात पांढरा आणि कणभर लाल टाकला की उन्हातलं. मुरमासाठी रॉ सिएना, पांढरा, थोडा यलो ओकर. सिएनाच्या ट्यूबवर इटलीतलं नाव असलं तरी आत लोखंडाच्या गंजाची मातीच आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू आणि पिवळी माती वापरली, त्यांचा हिरवासुद्धा मातीचाच. आमच्या विहिरीतून निघाला तो मुरूम, आमची काळी माती आणि अजिंठ्याचा कडा, तिन्ही त्याच काळ्या पाषाणाची लेकरं.

चित्रात हिरवं फार थोडं आहे. निसर्गातलं जोडपं म्हटलं की लोकांना झरा, वेली, फुलं दिसू लागतात. लहानपणी आमच्याही भिंतीवर रघुवीर मुळगावकरांच्या चित्राचं कॅलेंडर होतं. त्यांच्या आणि दीनानाथ दलालांच्या चित्रांवरून नक्कल करतच माझा हात वळला. त्यांची कातडीवरची तकाकी, ते मऊ चेहरे मी तासन्‌तास गिरवले आहेत आणि त्या ऋणात मी आजही आहे. पण त्या तकाकीने मला ही दुपार काढता येईना. ह्या दुपारी बाभळीला पान नव्हतं, आभाळ पांढरं पडलं होतं, उन्हाने लांबचा बांध हलत होता. जमीन एवढी भेगाळली होती की आम्ही पोरं भेगेत हात कोपरापर्यंत घालायचो. निसर्ग तोही आहे. त्याच निसर्गाने पाणी दिलं.

म्हणून मी ब्रश बाजूला ठेवला आणि पॅलेट नाइफने रंग थापायला लागलो, कधी बोटांनी. त्याला जाडसर रंगाची अभिव्यक्तिवादी पद्धत म्हणतात हे मी कलाशिक्षक पदविकेच्या वर्गात परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. ती मला खरी कळली ती आठवणीतून. माय ओसरी सारवायची तेव्हा तिच्या पंजाचे अर्धगोल एकात एक बसत भिंतीपर्यंत जायचे. शेणाचा थर कुठे जाड, कुठे पातळ, हात थांबला तिथे चार बोटांची खूण. ढेकळांच्या रांगा मी तशा काढल्या आहेत, पंज्याने, डावीकडून उजवीकडे.

सकाळी साडेआठ

बायको चहा देऊन जाते. "अहो, नऊच्या आत भाजी आणून टाका, मग ऊन होतंय." आणतो.

परत येतो तर दारात एक विद्यार्थिनी वही घेऊन उभी. यंदा इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसणार आहे, सुट्टीतही स्मरणचित्राचा सराव करते. हात चांगला आहे तिचा. आज तिने पाणवठा काढून आणला आहे. बायका, घागरी, पिंपळ, सगळं आठवणीतून. आणि एकूण एक बाईचे हात पदराखाली नाही तर घागरीमागे.

"सर, हात मागं दडवले तर मार्क कटतात का?"

मी तिला म्हणालो, मार्कांचं सोड. तुझ्या आईचा हात डोळे मिटून आठव. तिला बांगड्या आठवल्या, बोटं आठवली नाहीत. मग मी तिला दुपारपर्यंतचं काम दिलं, आईचा फक्त एक हात, भाकरी थापताना, दहा वेळा. ती गेल्यावर मी गोठ्याचं दार ओढून घेतलं, कॅनव्हास वळवला आणि माझ्यासमोर तेच दुखणं उभं राहिलं जे मी तिला शिकवायला निघालो होतो.

सकाळी साडेनऊ

चित्रात आबांचा उजवा हात मायच्या पाठीवर आहे. तिच्या विटक्या निळ्या लुगड्यावर मधोमध. बघणाऱ्याची नजर तिथेच जाते, कारण चेहरे दिसत नाहीत. आबांचं तोंड तिच्या खांद्याआड आहे, तिचं त्यांच्या छातीत. चेहरे लपले की सगळं बोलणं हातांवर येतं. चेहरे दिसले तरी मिठीच्या चित्रात हात बोलतातच. व्हिएन्नाच्या गुस्ताव क्लिम्टने १९०७-०८ मध्ये काढलेलं 'चुंबन' सोन्याच्या वर्खासाठी जगभर नावाजलं गेलं, फुलांच्या हिरवळीच्या अगदी कडेवर गुडघे टेकलेली ती बाई. मी मात्र त्या चित्रात तिची बोटं बघत बसतो, त्याच्या मानेवर आकसलेली. आणि ऑस्कर कोकोश्काचं १९१४ च्या सुमाराचं, आता बाझलच्या संग्रहालयात असलेलं चित्र. त्याचं जर्मन नाव म्हणजे वावटळ, सुटं करून वाचलं तर वाऱ्याची नवरी. वादळात दोघं पडली आहेत, ती त्याच्या खांद्यावर गाढ झोपलेली, तो टक्क जागा. त्याचे हात तिच्याभोवती नाहीत, स्वतःच्याच बोटांत बोटं अडकवलेली. ती जोडी टिकणार नाही हे त्या हातांवरूनच कळतं.

माझे आबा खरे आहेत, त्यांचा हात खोटा आहे. उघडा पंजा, पाचही बोटं पसरलेली, प्रेमाने पाठीवर ठेवलेली. शरीरशास्त्राला धरून बरोबर. पण तो हात नुकता खडक फोडून आलेल्या माणसाचा वाटत नाही, समजूत घालायला आलेल्या पाहुण्याचा वाटतो. तीन उन्हाळ्यांत मी तो किती वेळा खरवडला याची मोजदाद नाही. बोटं जाड केली, नखं फोडली, मनगट वळवलं. आज सकाळी अंगठा खाली घेतला. तरी नाही. मायचे हात कसे सहज आले! तिचा डावा हात खाली लोंबतो आहे आणि त्या हातात अजून पाटीची कड आहे. पाटी टाकायचंसुद्धा भान तिला राहिलं नव्हतं, हे मला पक्कं आठवत होतं म्हणून तो एका बैठकीत झाला.

अकराच्या आत हात पुन्हा खरवडून टाकला. निळ्या लुगड्यावर तेवढा एक मळकट चट्टा राहिला.

सकाळी ११

लाइट गेली. आता चारपर्यंत यायची नाही. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला असणार. गोठ्याच्या दाराला ओलं पोतं बांधलं आणि खाटेवर आडवा झालो.

चित्र पुरं झाल्यावर लोक काय म्हणतील हा विचार अशा वेळी येतोच. काही वर्षांमागे एका ठिकाणच्या प्रदर्शनात मी भाऱ्याचं एक रेखाटन ठेवलं होतं, भारा न दाखवता, नुसते ते दोन देह. दुपारपर्यंत ते भिंतीवरून उतरलं. उतरवणाऱ्यांनी मला सांगितलं की मुलं बघायला येतात. मी वाद घातला नाही. रेखाटन गुंडाळून परभणीहून पॅसेंजरने घरी आणलं आणि बरेच महिने पेन्सिल हातात घेतली नाही.

तेव्हा मला बळ दिलं ते अकबर पदमसी यांच्या गोष्टीने. मुंबईचे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत त्यांचं प्रदर्शन लागलं. त्यात 'प्रेमी' ह्या विषयावरची तैलचित्रं होती. पुरुषाचा हात स्त्रीच्या छातीवर, बस्स. पोलिसांनी चित्रं उतरवायला सांगितली. पंचविशीतला तो तरुण उतरवायला तयार झाला नाही. अश्लीलतेचा खटला उभा राहिला आणि न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. अख्खा खटला एका हाताच्या जागेवरून! मला त्यांचा विजय तर मोठा वाटतोच, पण त्याहून मोठा तो क्षण वाटतो, जेव्हा समोर पोलीस उभे असताना ते म्हणाले असतील की चित्र भिंतीवरच राहील. मी माझं चित्र उतरू दिलं. ही गोष्ट मला अजून बोचते.

आणि ज्यांना मुलांची काळजी वाटते त्यांना मला अजिंठ्याला न्यायचं आहे. शाळेची सहल घेऊन मी तिथे चार वेळा गेलो. सतरा क्रमांकाच्या लेण्यात दाराच्या वर ओळीने आठ बुद्ध बसलेले आहेत आणि बरोबर त्यांच्याखाली, तेवढ्याच मोठ्या ओळीत प्रेमी जोडपी. एकमेकांना बिलगलेली, कुणी कुणाच्या कानाशी. पाचव्या शतकात भिक्षू रोज त्या दारातून आत जात होते. पोरं मान वर करून बघतात, एखादा हसतो, मग सगळे गप्प होऊन बघत राहतात. त्या गप्पपणात मला काहीच वाईट दिसलं नाही.

दुपारी १

जेवण. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, कांदा, आणि जवसाची चटणी. ज्वारी 'परभणी मोती', आमच्या कृषी विद्यापीठाचंच वाण, टपोरी आणि पांढरी. आणि जवस माझ्या ताटातही, माझ्या रंगातही. तेलरंगातलं तेल म्हणजे जवसाचंच तेल. पूर्वी ज्वारीच्या रानात जवसाची पाभर असायची, निळी फुलं यायची. आता आमच्या शिवारात ती क्वचित दिसते. ह्या तेलाचा गुण असा की ते पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. म्हणून तेलरंगाचा जाड थर वरून कोरडा लागला तरी आत महिनोन्‌महिने ओला असतो. आणि म्हणून खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा, हा नियम. उलटं केलं तर वरचा आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला भेगा पडतात, अगदी मे महिन्यातल्या वावरासारख्या. माझ्या पहिल्या वर्षीच्या ढेकळांना त्या पडल्या आहेत. त्या मी तशाच ठेवल्या.

जेवून सगळे निजतात. मीही.

दुपारी ३

बायकोला म्हणालो, जरा पाठमोरी उभी राहा, हात बघायचा आहे.

ती आधी नको म्हणाली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, दोन मुलं शिकायला बाहेर आहेत, तरी दार बंद आहे का हे तिने दोनदा बघितलं. मग उभी राहिली. मी पाठीवर हात ठेवला आणि आरशात बघायला लागलो. उघडा पंजा. पुन्हा तेच. ती म्हणाली, "तुम्ही हात ठेवायलात, धरायला नाहीत." मी म्हणालो, म्हणजे? "म्हणजे मला नाही सांगता येत. पण जीव वाचलेला माणूस असा हात ठेवत नसतोय."

तिचं खरं होतं. तिने ती दुपार पाहिली नव्हती, तेव्हा ती दुसऱ्या गावात फ्रॉक घालून हिंडत असेल. तरी तिला चूक दिसली. मी मुलांना स्मरणचित्र शिकवतो, आणि माझ्या स्वतःच्या स्मरणात जिथे रिकामं होतं तिथे मी कॅलेंडरावरचा हात आणून बसवला होता. आठ वर्षांच्या पोराने चेहरे बघितले, लोक बघितले, पाटी बघितली. तो मागे उभा होता, पण पाठीवरचा हात त्याने बघितलाच नाही.

संध्याकाळी ५

लाइट आली नाही. गोठ्यात अंधारून आलं, म्हणून मी कॅनव्हास उचलून अंगणात लिंबाखाली आणला. लिंब तेवढा मे महिन्यातही हिरवा असतो. उन्हं उतरली होती, उजेड पिवळा झाला होता, आणि मुरमाचा ढीग चित्रात पहिल्यांदाच पेटल्यासारखा दिसला. मी त्याच्याकडेच बघत राहिलो. माय मागे येऊन उभी राहिली आहे हे मला कळलंच नाही.

ऐंशी ओलांडली आहे तिने. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत, लांबचं तिला माझ्याहून चांगलं दिसतं. कॅनव्हास उलटा करायला मी पुढे झालो तर ती म्हणाली, "राहू दे."

काठी टेकून ती बराच वेळ बघत होती. मला घशाला कोरड पडली. तीन वर्षं मी तिच्यापासून तिचंच काहीतरी लपवत होतो. ती रागावेल, का लाजेल, का उठून आत जाईल, काही सुचत नव्हतं. ती जवळ गेली. बोटाने पाटी दाखवली. "ही पाटी मोंढ्यातून आणली होती. कड फुटकी होती तिची." मग बाभळीकडे बघितलं. मग खरवडलेल्या जागेवर बोट नेलं, टेकवलं नाही.

"हात कुठं गेला?"

"जमंना गेलाय, माय. उघडा पंजा काढला की खोटा दिसायलाय."

"उघडा नव्हताच की."

मी गप्प.

"मूठ होती. मुठीत गाळ होता. खालून वर येईस्तोवर तसाच धरून आणला, मला दाखवायला. वल्ला हाय का बघ म्हणले. मी काय बघू, तेवढ्यात..." ती थांबली. पदराने तोंड पुसलं. "मूठ काही सोडली नाही. पाणी पाझरलं माझ्या पाठीवरून. मुरमाचा डाग निघत नसतोय. लुगडं फाटल्यावर त्याची वाकळ केली."

एवढं बोलून ती ओसरीकडे गेली. चालताना तिने मागे वळून एकदा चित्राकडे पाहिलं, आणि मला आठवलं की ढिगामागे जातानाही ती अशीच एकदा वळली होती.

संध्याकाळी ६

मोटरसायकल काढून वावरात गेलो. विहीर मेअखेरीला तळाशी जाते, पण सहसा आटत नाही. चाळीस वर्षांत फार तर दोनदा आटली. पायऱ्यांनी उतरून कडेचा गाळ मुठीत घेतला आणि दाबला. बोटांच्या बेचक्यांतून तो बाहेर आला, आधी पाणी, मग पिवळी चिखलाची वेटोळी, मनगटावरून खाली. मूठ आवळली की अंगठा बोटांवर येतो, हाडं वर येतात, शिरा फुगतात. मिठी मारताना अशी मूठ पाठीवर टेकते ती बोटांच्या पेरांनी नाही, मनगटाच्या आतल्या अंगाने. म्हणजे हात वळलेला असतो, मूठ पाठीपासून जराशी सुटलेली, जपलेली. ज्याच्यासाठी एवढं केलं ते सांडू नये म्हणून जपलेली. तीन उन्हाळे मी बोटं शोधत होतो!

डबाभर गाळ बरोबर घेतला.

रात्री ८

लाइट साडेसातला आली. दिव्याखाली रंगाचं काम करू नये, रंग पिवळे दिसतात आणि सकाळी फसवतात. आज मी ते मानलं नाही.

डाव्या हातात गाळ धरला आणि समोर आरसा ठेवला. आरशातला डावा हात उजवा दिसतो, आणि उजव्या हाताने काम करता येतं. आधी खरवडलेल्या जागेवर टर्पेंटाइनचा बोळा फिरवून ती स्वच्छ केली. मग बर्न्ट अंबरने मुठीचा अंधार मांडला, बोटांमधल्या फटी, अंगठ्याखालची सावली. त्यावर नाइफने रॉ सिएना, सढळ हाताने, चार पेरांवर चार थाप. हाडांच्या टोकांवर पांढरा मिसळलेला. गाळ ओला दिसायला हवा होता, म्हणून एका ठिकाणी आभाळाचा पांढरट निळा ठेवला, तांदळाएवढा. तेवढ्याने त्यात पाणी आलं.

मग मुठीखाली, लुगड्याच्या निळ्यावरून, मी करंगळीने एक ओघळ खाली ओढला. कमरेपर्यंत. निळा आणि पिवळा भेटला तिथे जरा हिरवट झाला. तो पुसला नाही. चित्रात हिरवं फार थोडं होतं, आता मायच्या पाठीवरही आहे.

बायको दोनदा जेवायला बोलावून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा काही न बोलता दारातच उभी राहिली आणि मग ताट तिथेच घेऊन आली.

रात्री १०

हात रॉकेलने पुसले, साबणाने धुतले. कॅनव्हास गोठ्यात नेला आणि गव्हाणीला टेकवून ठेवला. भिंतीकडे तोंड करून ठेवलेला नाही.

माय ओसरीत खाटेवर होती, जागी.

"झालं का?"

"हात झाला."

"वाळायला किती दिस लागतील?"

"महिना तरी. आतून जास्तच."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मृग किती दिवसांवर आहे ते मोजत असावी.

"मग पावसाच्या आधी होतंय," म्हणाली, आणि कुशीवर वळली.